'ह'च्या रांगेतला 'प'

गेले सहा महिने माझा शनिवार माझा राहिलेला नाही. आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट जपानी. त्यामुळे हपिसात वरून फर्मान निघालं की टीममधल्या चौघांनी जपानी शिकायचं आणि परीक्षाही द्यायची. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी नऊ वाजता मी एका वर्गात शेवटच्या बाकावर बसून हिरागाना गिरवत असतो. इंजिनियरिंगला सकाळचं पहिलं लेक्चर कधी केलं नाही, त्याची भरपाई बहुतेक अशी होते आहे.

तर दुसऱ्याच आठवड्यात माझ्या डोक्यात एक किडा शिरला. आजचा लेख त्या किड्याचा.

जपानी अक्षरांत एक सोय आहे. अक्षराच्या उजव्या खांद्यावर दोन छोट्या रेघा दिल्या की त्याचा उच्चार बदलतो. 'का'वर रेघा दिल्या की 'गा'. 'ता'वर दिल्या की 'दा'. 'सा'वर दिल्या की 'झा' (झेंड्यातला नव्हे, झऱ्यातला). इथपर्यंत सगळं नियमात. आणि 'हा'वर रेघा दिल्या की... 'बा'!

मी हात वर केला. "सेन्सेई, 'ह' चा 'ब' कसा काय?" सेन्सेई गोड हसल्या आणि म्हणाल्या, "तसंच आहे. पाठ करा."

पाठ करा म्हटलं की आपल्या जमातीचं डोकं फिरतं. तीन केसेस पास आणि चौथी फेल, म्हणजे बग आहे. शिवाय हा बग भाषाभर पसरलेला. 'ओरि' म्हणजे घडी, 'कामि' म्हणजे कागद, दोन्ही जोडले की ओरिगामि. 'क' चा 'ग' झाला, ठीक. पण 'हाना' म्हणजे फूल आणि फुलांची ती प्रसिद्ध मांडणी म्हणजे इकेबाना. 'ह' चा 'ब'. मोजायला जावं तर आणखी गोंधळ. पेन्सिल किंवा बाटली अशा लांबट वस्तू मोजताना एक म्हणजे इप्पोन, दोन म्हणजे निहोन, तीन म्हणजे सानबोन. चिन्ह तेच, आणि त्याचा उच्चार पोन, होन, बोन. त्या रात्री मी तक्ता भिंतीवर चिकटवला आणि बघत बसलो.

आता हे तुम्हीच करून बघा. जपानी अक्षरांच्या तक्त्यात आधी स्वर येतात: आ, इ, उ, ए, ओ. मग व्यंजनांच्या रांगा: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. जरा मोठ्यानं म्हणा. ओळखीचं वाटतंय ना? आपण पहिलीत घोकलेली मुळाक्षरं आठवा. क चा वर्ग, च चा वर्ग, त चा वर्ग आणि त्याच्या शेवटी न, मग प चा वर्ग आणि त्याच्या शेवटी म, मग य, र, व. घशापासून निघून ओठांपर्यंत यायचं, हा आपला क्रम. जपानी तक्ता त्याच वाटेनं चालतो. ('च' च्या जागी 'स' कसा, ही वेगळी कथा, पुन्हा कधीतरी.) फक्त एका ठिकाणी ठेच लागते. 'न' झाल्यावर आणि 'म' च्या आधी 'प' यायला हवा, तिथे 'ह' बसलाय!

ट्यूब पेटली. क-ग, त-द या जोड्यांत ओठ-जीभ-दात सगळं त्याच जागी असतं, फक्त दुसऱ्या वर्णाला घसा थरथरतो. आपले व्याकरणवाले पहिल्याला अघोष आणि दुसऱ्याला घोष म्हणतात. मग 'ब' चा अघोष जोडीदार कोण? 'प' च. म्हणजे रेघा देऊन 'ब' होणारं ते अक्षर मुळात 'प' असणार. बग उच्चारात आलाय, तक्ता अजून जुन्या व्हर्जनवरच चालतोय.

हा शोध लावून मी शेर झालो होतो. थोडं वाचलं आणि कळलं की हा शोध आधीच लागलाय, तोही तोक्योच्या विद्यापीठात, १८९८ साली. असो. आपण कायमच उशिरा जन्माला आलोय.

आधी त्या तक्त्याबद्दल. हा क्रम तिकडे गेला तो बौद्ध धर्माबरोबर. कूकाइ हे थोर भिक्षू ८०६ साली चीनहून परतले, ते येताना संस्कृत मंत्रांच्या पोथ्या घेऊन आले. त्यांची लिपी सिद्धम्, म्हणजे आपल्या नागरीची बहीणच. मंत्राचा उच्चार चुकला तर फळ नाही, ही समजूत तिथेही होतीच. त्यामुळे मठांमधून सिद्धम् लिपीचा आणि उच्चारांचा अभ्यास पिढ्यानपिढ्या चालला. त्या अभ्यासातून जपानी अक्षरंही वर्णमालेच्या धर्तीवर मांडली गेली. ज्यांनी ती मांडली त्यांना स्वतःचा आवाज ऐकून 'प' ची जागा दिसली, किंवा वाडवडिलांच्या उच्चारानुसार ठरली, आणि ते अक्षर तिथे बसलं. पुढे उच्चार सरकत सरकत गेला, पण अक्षर जागचं हललं नाही.

आता विद्यापीठाकडे येऊ.

१८८६ साली तोक्यो विद्यापीठाचं 'शाही विद्यापीठ' झालं आणि त्यात एक नवा विभाग निघाला. नाव 'हाकुगेनगाकु'. साधारण अर्थ 'अनेक भाषांचं शास्त्र'. भाषाशास्त्र हा विषय जपानी विद्यापीठात आला तो इथून. आणि तिथे शिकवायला कोण? बेसिल हॉल चेंबरलेन नावाचे इंग्रज गृहस्थ! १८७३ साली जपानला आले, नौदलाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, 'कोजिकि' या जपानच्या अतिप्राचीन ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं, आणि आता जपान्यांनाच जपानी भाषेचं शास्त्र शिकवायला उभे राहिले. ऐकून हसू येतं, पण आपण हसायचं कारण नाही. मराठीचा एखादा जुना शब्द अडला की आपण अजून मोल्सवर्थसाहेबांचा कोश उघडतोच की, आणि तो आहे १८३१ चा.

चेंबरलेन यांच्या हाताखाली एक विद्यार्थी तयार झाला. उएदा काझुतोशी. (जपानीत आडनाव आधी, नाव मग.) १८६७ चा जन्म. १८९० साली सरकारनं त्यांना जर्मनीला धाडलं, कारण त्या काळी भाषाशास्त्र शिकायचं तर जर्मनीत, असा दंडक होता. 'प' चा 'फ' कसा होतो, कुठल्या भाषेत काय सरकलं, याचे नियम तिथली मंडळी गणितासारखे मांडत होती. १८९४ मध्ये उएदा परत आले आणि प्राध्यापक झाले. वय वर्षं सत्तावीस. (माझं वय विचारू नका. मी काल प्रिंटरचा ड्रायव्हर बसवला.)

आणि १८९८ मध्ये त्यांनी 'प' वरचा तो निबंध छापला. मुद्दा एकच: आज जो 'ह' ऐकू येतो तो मुळात 'प' होता.

यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण त्यांच्यासमोर उभे होते मोतोओरी नोरिनागा. अठराव्या शतकातले प्रचंड विद्वान, जुन्या जपानी वाङ्मयाच्या अभ्यासातलं सर्वात मोठं नाव. त्यांचं म्हणणं असं की प्राचीन जपान्यांचे उच्चार शुद्ध होते आणि 'प' सारखे उच्चार अशुद्ध, बाहेरून आलेले. आपल्या पूर्वजांच्या तोंडी असला आवाज असणं शक्यच नाही! शंभर वर्षांनी एक तरुण प्राध्यापक सांगतो की ज्याला तुम्ही अशुद्ध म्हणता तोच तर मूळचा.

पुरावे कुठले? उएदांनी दिलेले आणि नंतरच्या लोकांनी त्यात भर घातलेले, असे एकत्रच सांगतो.

पहिला पुरावा तक्त्यातली जागा आणि 'ब' शी जोडी, तो आपण बघितलाच.

दुसरा शेजाऱ्यांचा. होक्काइदो बेटावरच्या ऐनू लोकांची भाषा वेगळी, पण जपानीशी शब्दांची देवघेव जुनी. जपानीत काड्यांना 'हाशि' म्हणतात, ऐनूत 'पासुय'. जपानीत हाड म्हणजे 'होने', ऐनूत 'पोने'. म्हणजे शब्द शेजारी गेला तेव्हा 'प' होता, घरात तो बदलला आणि शेजाऱ्याकडे तसाच राहिला. उसनी दिलेली वाटी शेजाऱ्याकडे जपून राहावी तसं.

तिसरा पुरावा थेट आपल्या गोव्यातला! जपानमधल्या चार ख्रिस्ती पोरांचं एक शिष्टमंडळ १५८२ मध्ये युरोपला निघालं. परत येताना ते गोव्याला थांबले. जून १५८७ मध्ये त्यांच्यातल्या मार्तिन्यो हारा नावाच्या मुलानं जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात लॅटिनमध्ये भाषण ठोकलं आणि १५८८ मध्ये ते गोव्यातच छापलं गेलं. त्याच्या नावात आडनाव काय छापलंय? 'फारा'. हारा नव्हे, फारा! नागासाकीत १६०३ च्या सुमारास पाद्र्यांनी जपानी-पोर्तुगीज शब्दकोश छापला, त्यातही फुलाला 'फाना' च लिहिलंय. म्हणजे सोळाव्या शतकात तो उच्चार 'प' आणि 'ह' यांच्या मध्ये कुठेतरी, ओठांतून फुंकर मारल्यासारखा होता. आधी प, मग फ, मग ह.

पाद्र्यांच्या कानावर विश्वास नसेल तर चौथा पुरावा अस्सल देशी आहे. १५१६ सालच्या एका संग्रहात एक कोडं आहे. आईच्या वेळी दोनदा भेटतात आणि बापाच्या वेळी एकदाही भेटत नाहीत, ते कोण? उत्तर: ओठ. आज जपानीत आई म्हणजे 'हाहा', बाप म्हणजे 'चिचि'. 'हाहा' म्हणताना ओठ भेटतच नाहीत, कोडं सुटतच नाही. पण 'फाफा' म्हणून बघा. दोनदा! शिन्मुरा इझुरु या उएदांच्या विद्यार्थ्यानं या उच्चाराच्या प्रवासावर मोठा निबंध लिहिला. (हेच शिन्मुरा पुढे १९५५ सालच्या 'कोजिएन' या प्रसिद्ध कोशाचे संपादक.)

आणि असं सरकणं काही जगावेगळं नाही. माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये हुबळीचा एक जण बसतो. त्याच्याकडे दुधाला 'हालु' आणि फुलाला 'हूवु' म्हणतात. तमिळमध्ये 'पाल' आणि 'पू'. जुन्या कन्नडमध्येही 'प' च होता. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बिल्ड फेल झालंय, ते आधी बघ."

आता पाचवा पुरावा. हा लेख खरं तर याच्यासाठीच लिहितोय.

जपानच्या दक्षिणेला, तैवानच्या दिशेनं बेटांची एक माळ गेली आहे. र्‍यूक्यू बेटं. तिथे शेकडो वर्षं स्वतंत्र राज्य होतं. १८७९ मध्ये जपाननं ते खालसा केलं आणि 'ओकिनावा जिल्हा' अशी पाटी लावली. या बेटांवरच्या भाषा जपानीच्या बहिणी. चेंबरलेनसाहेब १८९३ मध्ये तिथे गेले आणि १८९५ मध्ये त्यांनी तिथल्या भाषेचं व्याकरण छापून हे नातं पद्धतशीर दाखवलं. (योगायोग बघा: त्यांच्या आईचे वडील कॅप्टन बेसिल हॉल १८१६ साली जहाज घेऊन याच बेटावर उतरले होते आणि त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं होतं.) त्या माळेतल्या मियाको आणि याएयामा बेटांवर फुलाला काय म्हणतात माहीत आहे? 'पना'. हाडाला 'पुनि'. हजार वर्षांपूर्वी जपानच्या ओठांवरून गेलेला 'प' तिथल्या कोळणींच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडात जिवंत! पोथी नको, कोडं नको, जाऊन ऐकायचं फक्त.

आता त्याच उएदांची दुसरी बाजू.

ऑक्टोबर १८९४. चीनशी युद्ध चालू. नुकतेच जर्मनीहून आलेले उएदा एक व्याख्यान देतात, विषय 'राष्ट्रभाषा आणि राष्ट्र'. सारांश असा की रक्तानं जसे शरीराचे भाऊ कळतात तसे भाषेनं मनाचे भाऊ कळतात, आणि एका राष्ट्राला एक भाषा हवी. पुढच्याच वर्षी ते प्रमाणभाषेवर लिहितात. ती कुठली असावी? तोक्योतल्या शिकलेल्या लोकांची, थोडी घासूनपुसून. १९०२ मध्ये सरकारनं भाषेसाठी समिती नेमली, तिचं मुख्य काम उएदांकडे. समितीनं देशभरच्या बोलींची पाहणी केली. उद्देश? त्यावरून प्रमाणभाषा ठरवणं. म्हणजे बोली ऐकायच्या, लिहून घ्यायच्या, आणि मग त्यांच्या जागी काय बोलायचं ते ठरवायचं.

उएदा खलनायक होते असं मला अजिबात म्हणायचं नाही. उत्तरेचा शिपाई आणि दक्षिणेचा शिपाई एकमेकांचं बोलणं समजू शकत नव्हते, अशा देशात प्रमाणभाषा लागणारच होती. मी हे तुमच्यासाठी लिहितोय तेही प्रमाण मराठीच्याच जोरावर. शिवाय उएदांनी विद्यार्थी काय तयार केले! १९०६ ची एकच बॅच घ्या. हाशिमोतो शिन्किचि, ज्यांनी प्राचीन जपानीत आजच्यापेक्षा जास्त स्वर-भेद होते हे जुन्या लेखनातून बाहेर काढलं. ओगुरा शिम्पेइ, ज्यांनी आयुष्य प्राचीन कोरियनला दिलं. आणि इहा फुयू.

इहा फुयू ओकिनावाचे. १८७६ चा जन्म. तिथल्या माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक बाहेरचा, आणि तो इंग्रजी विषय कमी करायला निघाला. १८९५ मध्ये मुलांनी संप केला आणि इहांना शाळेतून काढून टाकण्यात आलं. तोच मुलगा पुढे तोक्यो विद्यापीठात भाषाशास्त्र शिकला. ओकिनावाची जुनी गाणी 'ओमोरो सोओशि' नावाच्या २२ भागांच्या संग्रहात होती, त्यातली भाषा लोकांना कळेनाशी झाली होती. तिचा उलगडा हे इहांचं जन्माचं काम झालं. पदवी घेऊन ते ओकिनावाला परतले, तिथलं ग्रंथालय सांभाळलं, १९११ मध्ये 'को र्‍यूक्यू' हे पुस्तक काढलं. आपल्या बेटांवरच्या त्या 'प' बद्दल त्यांनीही लिहिलं.

इहांची आशा काय होती? की आमची भाषा तुमच्या भाषेची सख्खी बहीण आहे हे शास्त्रानं सिद्ध झालं, की तुम्ही आम्हाला मान द्याल. तुमच्या पूर्वजांचा आवाज आम्ही जपलाय म्हटल्यावर कोण हसेल?

झालं उलटंच. बहीण आहे ना, मग ती वेगळी भाषा नाही. मग ती आमच्याच भाषेची बोली. आणि बोली म्हणजे बिघडलेली भाषा, ती सुधारलीच पाहिजे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ओकिनावाच्या शाळांतून एक लाकडी पाटी फिरायला लागली. 'होउगेन-फुदा', म्हणजे बोलीची पाटी. शाळेत ज्याच्या तोंडून घरची भाषा निघाली त्याच्या गळ्यात ती अडकवायची. त्यानं ती कधी काढायची? जेव्हा दुसरं कुणीतरी चुकेल आणि हा त्याला पकडेल, तेव्हा. मग पाटी त्याच्या गळ्यात.

नेटवर्किंगच्या पेपरात टोकन रिंग शिकलो होतो, ते आठवलं. मास्तरला काही करावंच लागत नाही. पाटी ज्याच्याकडे आहे तोच पहारेकरी. शेजारच्याच्या तोंडाकडे कान लावून बसतो, चुकून त्याच्या तोंडून 'पना' निघेल का म्हणून. जो 'प' ऐकायला प्राध्यापक जहाजातून आले असते, तोच.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९४० मध्ये यानागि सोएत्सु हे लोककलांचे नामवंत अभ्यासक ओकिनावाला आले. प्रमाणभाषेची सक्ती बघून त्यांनी जाहीर टीका केली आणि मोठा वाद पेटला. सक्ती थांबली नाही. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन फौजा बेटावर उतरल्या, तेव्हा जपानी सैन्यानं हुकूम काढला: ओकिनावाच्या भाषेत बोलणाऱ्याला हेर समजलं जाईल. आपल्याच गावात आपल्याच आईच्या भाषेत बोलणं म्हणजे हेरगिरी. युद्ध संपलं, ओकिनावा अमेरिकेकडे गेलं, १९७२ मध्ये जपानकडे परत आलं. ती पाटी मात्र काही शाळांत युद्धानंतरही फिरत होती. इहा फुयू १९४७ मध्ये तोक्योत वारले. आणि २००९ मध्ये युनेस्कोनं संकटातल्या भाषांची यादी काढली, तेव्हा जपानमधल्या आठ भाषा तीत होत्या. ऐनू, हाचिजो, आणि बाकीच्या सहा र्‍यूक्यूच्या. त्यांत मियाको आहे, याएयामाही आहे.

इथे खरं तर लेख संपायला हवा होता. पण त्या पाटीचं वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, त्याचं कारण सांगतो.

मी अकोल्याकडचा. इंजिनियरिंगला पुण्याला आलो तेव्हा मी 'पानी' म्हणायचो, 'लोनी' म्हणायचो. आमच्याकडे 'ण' ला कुणी विचारत नाही. रूममेट लोकांना त्याची भारी मजा वाटायची. मग एक स्कीम निघाली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला, 'ण' च्या जागी 'न' आला की एक रुपया त्यात. रविवारी त्यातून सगळ्यांचा चहा. मीही हसत हसत टाकायचो. वाईट मुलं नव्हती हो, अजून माझे जिवलग मित्र आहेत. सहा महिन्यांत माझा 'ण' असा काही सुधारला की विचारू नका. पुढच्या वर्षी यवतमाळचा एक ज्युनियर आला. त्याच्यासाठी डबा पुन्हा बाहेर कुणी काढला? मी.

त्याच वर्षी दिवाळीला दोन मित्र माझ्याबरोबर घरी आले. आजीनं गरम भाकरी वाढली आणि म्हणाली, "बापू, लोनी घे अजून." मी लगेच, "आजी, लोनी नाही गं, लोणी." मित्र हसले. आजीही हसली. तिनं एकदा म्हणून बघितलं, जमलं नाही. पुन्हा हसली आणि पदरानं तोंड पुसून आत गेली. नंतरचे दोन दिवस ती माझ्या मित्रांसमोर ताटात वाढायची, पण बोलायची नाही. मला तेव्हा ते लक्षातही आलं नाही. मला नोकरी लागली त्या वर्षी ती गेली.

परवा कोश काढून बसलो. संस्कृतात पाण्याला 'पानीय'. लोण्याला 'नवनीत'. दोन्हीकडे 'न'! प्राकृतात त्या 'न' चा 'ण' झाला आणि तोच 'ण' आज पुस्तकी मराठीत शुद्ध म्हणून बसलाय. आजीचा 'न' थेट संस्कृतातून उतरला असं मी म्हणत नाही, बहुधा तो 'ण' चाच परत 'न' झालेला आहे. मुद्दा एवढाच की ज्या 'ण' पायी मी तिला चारचौघांत टोकलं, तो 'ण' सुद्धा एकेकाळी कुणाच्या तरी तोंडात बिघडलेलाच होता. मोतोओरी नोरिनागांच्या 'शुद्ध' 'ह' सारखा.

हे मला भाषाशास्त्रानं सांगितलं, तेही जपानीच्या. पण इहांच्या गोष्टीवरून एक कळतं की नुसतं शास्त्र सांगून भागत नाही. उएदांना तो 'प' किती मोलाचा आहे ते पक्कं माहीत होतं. तरी पाटी फिरलीच.

काल रात्री आईला फोन केला. बोलता बोलता एक गोष्ट पहिल्यांदाच कानाला लागली. माझ्याशी बोलताना ती म्हणाली, "नळाला पाणी दोन दिवसांनी येतं." तेवढ्यात दारात शेजारच्या काकू आल्या, तर त्यांना म्हणाली, "पानी आलं का वो तुमच्याकडे?" मी पुण्याला आल्यापासून ती हे असं करत असणार. इतकी वर्षं.

मी म्हटलं, "आई, माझ्याशीही पानीच म्हणत जा ना."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "काहून रे? का झालं?"

काय सांगणार? म्हटलं, दिवाळीला येतो, मग सांगतो. या वेळी फोनमधला रेकॉर्डर चालू ठेवणार आहे. आजीचे शब्द तिला जेवढे आठवतात तेवढे बोलून घ्यायचे.

असो. उद्या सकाळी नऊचा क्लास आहे आणि गृहपाठ अजून व्हायचाय. 'ह' ची रांग मात्र आता कधी चुकायची नाही.